सासऱ्यांची नवी मोरेल्ली

गाड्यांच्या बाबतीत मला कोणी शिकवायला जाऊ नये! तुरीनमधल्या मोरेल्ली आणि साव्हिनी या दोन हाडवैरी कंपन्या एक झाल्या, तेव्हा कुठली गाडी ठेवायची नि कुठली बंद करायची हे ठरवणाऱ्या समितीत मी होतो. तोडगाही माझाच: मोरेल्लीची गाडी बंद, साव्हिनीचीच दोन्ही नावांनी विकायची. पुढची जाळी वेगळी, बाकी दारं, कुलपं-किल्ल्या, करडा रंग, सगळं एकच. मागचं नावसुद्धा काटकसरीत उडवलं.

"लोकांना कळेल हो," एक म्हातारा इंजिनियर पुटपुटला.

"काही कळत नाही!" मी टेबलावर मूठ आपटली.

पंचाईत एवढीच की माझे सासरे एर्मान्नो यांनी जन्मभर मोरेल्लीत दारं बसवलेली. मित्रानं साव्हिनी आणली म्हणून स्वतःच्या लग्नाला ते भर पावसात चालत गेले होते! निवृत्त झाल्यावर त्यांनी हौसेनं नवी मोरेल्ली घेतली.

"उगो, बाबांना सांगून टाक," बायको म्हणाली.

"सांगू सावकाश," मी म्हटलं. तिथंच माती खाल्ली.

रविवारी सासरे चौकात लोखंडी गोळ्यांचा डाव खेळून आले. मी आणि माझा साडू जेवायला बसलो होतो.

"जावईबापू, आज काय पळाली गाडी! आणि दाराचा आवाज? साव्हिनीवाल्यांच्या सात पिढ्यांना जमायचा नाही!"

मी सारण भरलेली आन्योलोत्ती न चावताच गिळली. तेवढ्यात दारावर थाप. बाहेर पोलीस, आणि मागं लालबुंद झालेले बाल्दोव्हिनो! साव्हिनीतून निवृत्त झालेले, डावातले सासऱ्यांचे कायमचे वैरी.

"एर्मान्नो, चोरा! माझी गाडी!"

"तुझा डबा कोण चोरतो रे?"

सगळे खाली धावलो. गाडीच्या तोंडावर साव्हिनीची जाळी! सासऱ्यांची स्वतःची गाडी चौकातच राहिली होती.

"पण माझ्या किल्लीनं उघडली... चालूही झाली..."

"म्हणजे इतके दिवस तू आमचीच साव्हिनी चालवत होतास!" बाल्दोव्हिनो खदाखदा हसले. सासऱ्यांनी दार लावलं, कान देऊन ऐकलं. पुन्हा लावलं. त्यांचा चेहरा पाहून बाल्दोव्हिनोंचं हसू थांबलं.

"उगो, मग आमची मोरेल्ली कुठाय?" सासऱ्यांनी विचारलं.

"बंद केली, बाबा."

ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसतेच दारावरून हात फिरवत राहिले, आणि मला फार वाईट वाटलं.

"आमचीही पुढच्या वर्षी बंद होणार म्हणतात," बाल्दोव्हिनो हळूच म्हणाले. खरंच होतं ते.

सासऱ्यांनी पोलिसाला निरोप दिला आणि बाल्दोव्हिनोंच्या खांद्यावर हात ठेवला. "चल, जेवून घे." वर नेऊन त्यांना थेट माझ्याच खुर्चीत बसवलं.

"बाबा, मी कुठं बसू?"

सासऱ्यांनी साडूच्या ताटात वाढलं, मग माझ्याकडे बघितलं.

"एक जावई आहे की घरात. सारखेच दोन कशाला ठेवायचे?"

मी स्वयंपाकघरात उभ्यानंच जेवलो.