न्हाणीघराच्या स्लॅबवर

रेवदंड्याच्या घरी पाण्याची टाकी भरून वाहू लागली तेव्हा रुचिताने प्लंबरला बोलावलं नाही. नवरा, अल्पेश, तिकडे अरुणाचलच्या सीमेवर. मग एवढ्यातेवढ्यासाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे काय बघायचं? फौजीची बायको होती ती. गाऊनवर ओढणी आवळून ती शिडीने न्हाणीघराच्या स्लॅबवर चढली, टाकीतला अडकलेला बॉल हलवून पाणी बंद केलं आणि मोठ्या तोऱ्यात उतरायला पाय टाकला, तो शिडीलाच लाथ बसली. शिडी खाली अळवात आडवी.

'फौजीची बायको,' ती स्वतःला म्हणाली, 'बस आता टाकीला टेकून.'

सासूबाईंनी, अनुसूयाबाईंनी, शिडी उचलून पाहिली. शिडी वीतभर उठली आणि सासूबाई मटकन खाली बसल्या.

तेवढ्यात गाऊनच्या खिशातला फोन वाजला. अल्पेशचा व्हिडिओ कॉल. त्याला कित्येक दिवसांनी रेंज मिळाली होती. आता घेतला नाही तर पुन्हा कधी लागेल कोण जाणे. रुचिताने केस सारखे केले आणि हसरा चेहरा लावला.

"कुठे बसलीयेस गं?"

"गच्चीवर. म्हटलं, जरा वारा खावा."

"आपल्या घराला गच्ची कधी झाली?"

ज्याचा जन्म याच कौलारू घरात गेला त्याला ही थाप मारायला आपल्यासारखीच अक्कल लागते, हे रुचिताला मनोमन पटलं. "आपली नाही हो. शेजारी, तुळशीरामकाकांकडे आलेय."

"त्यांचंही कौलारूच आहे ना?"

नेमके तुळशीरामकाका कुंपणापाशी उगवले. "गो सूनबाय, न्हाणीवर काय करतंस?"

"अडकलीय ती!" खालून सासूबाई ओरडल्या. "शिडी पडली!"

मग काय, अल्पेशने फोनवरूनच मोहीम हाती घेतली. "काका, शिडी भिंतीला टेकवा! आई, तू लांब हो! रुचिता, खाली बघू नकोस. पाय कसा टाकायचा बघ, हा असा—"

दाखवायला तो उठला मात्र, "आई गं!" करून कळवळला. फोन हातातून पडला. स्क्रीनवर आधी छत आलं, मग लोखंडी कॉट, मग प्लॅस्टरमधला एक पाय.

"तो पाय कोणाचा?" रुचिताने विचारलं.

"शेजारच्या कॉटवरच्याचा."

"त्याच्याही अंगठ्यावर तीळ आहे?"

अल्पेशने फोन उचलून पुन्हा तोंडासमोर धरला.

"व्हॉलीबॉल खेळताना मोडला," अल्पेश पुटपुटला. "झाला महिना."

महिनाभर हा माणूस आपल्याला फक्त छातीपर्यंत दिसत होता, आणि आपण आपल्या म्हणत होतो, काय ऐटीत बसतो! रुचिताला हसू फुटलं आणि हसता हसता डोळे भरून आले. "दुखतंय का हो?" तिने विचारलं.

शिडी लागली. "उतर गो," काका म्हणाले.

"थांबा काका, खाली रेंज जाते."

"कोणाचा पाय मोडला?" सासूबाईंनी विचारलं. उत्तराची वाट न बघता, गुडघ्यांपायी देवळाची पायरीही टाळणाऱ्या त्या बाई तरातरा शिडी चढून वर आल्या. फोन हातात घेतला आणि लेकाच्या प्लॅस्टरवरून, स्क्रीनवरच, हलकेच अंगठा फिरवला. अंगठा नेमका लाल बटणावर गेला.

कॉल कट.

दोघी स्लॅबवर शेजारी शेजारी बसून राहिल्या. फोन मध्ये.

"उतरताव ना दोघी?" खाली शिडी धरून ताटकळलेल्या काकांनी विचारलं.

"काका, शिडी नेलीत तरी चालेल," रुचिता म्हणाली. "त्यांचा फोन येईपर्यंत आम्ही काही हलत नाही."