ढेकणांचा पंचनामा

एकसष्ट साली उमरखेडच्या कचेरीत नकला उतरवणाऱ्या घनश्यामने खाटेवर कढत पाणी ओतायचे नाही असे ठरवले, आणि तिथून त्याचे दिवस फिरले.

भाड्याच्या घरात भिंतीच्या भेगांत ढेकूण, खाटेच्या सुंभात ढेकूण. तान्ह्या पोरीच्या अंगावर गांधी उठल्या. बायको चंदाबाई म्हणाली, "अजी, आधण तरी वता खाटेवर!"

"येडी हायेस का? तो पुरावा हाय!"

कारण घरमालक मारोतराव म्हणत, "घर माह्यं, पण ढेकूण तुमच्या खाटेचे. मी भिंती कायले लिपू?" भेगा बुजवणे मालकाचे काम, असे घनश्यामने कायद्याच्या पुस्तकात वाचले होते. (छापलेले खरे मानायची त्याला खोड होती.) त्याने भाडेनियंत्रण साहेबांकडे अर्ज केला. चंदाबाई पोरीला घेऊन ढाणकीला माहेरी गेली. "ढेकूण गेले की बलवा," एवढेच बोलली.

चार महिने घनश्यामने पुरावा स्वतःच्या रक्तावर पोसला. मलेरियावाले औषध फवारायला आले, त्यांनाही त्याने हात जोडून परत पाठवले, "पंचनामा होऊ द्या." तो इतका वाळला की कचेरीतल्या शब्बीर चपराशाने न राहवून ढाणकीला निरोप धाडला.

पाहणीच्या दिवशी घनश्याम साहेबांना आणायला गेला आणि इकडे चंदाबाई सकाळच्या मोटारीने उतरली. साहेब आले तेव्हा खाट अंगणात वाफाळत होती, भिंतींना रॉकेलचा वास येत होता.

साहेबांनी चष्मा पुसून खाट उलटीसुलटी पाहिली. "कुठं आहेत?"

"साहेब, सकाळपर्यंत होते!"

"माह्या घरात नसतेच," मारोतराव म्हणाले आणि त्यांनी साहेबांसाठी चहा मागवला.

चंदाबाई हरखून पुढे आली. "गेले नं सारे? मंग तोंड काहून पाडलं?"

घरात ढेकूण नाहीत, सबब मालकाकडे काही काम निघत नाही, असा हुकूम झाला. त्याची नक्कल घनश्यामनेच वळणदार अक्षरात उतरवली. मारोतरावांनी ती काचेच्या चौकटीत बसवून भिंतीवर लावली.

भेगा तशाच होत्या. पंधरा दिवसांत अंडी फुटली, चंदाबाईने ट्रंक भरली. घनश्यामने पुन्हा अर्ज केला. मारोतरावांनी फक्त ती चौकट साहेबांना नेऊन दाखवली. अर्ज तिथल्या तिथे खारीज झाला. नक्कल इतकी सुवाच्य होती, की या खेपेस साहेबांना चष्माही लागला नाही.