हरिभाऊंचा मफलर

हरिभाऊंच्या घरून रिकाम्या हातानं निघणं कुणाला जमलं नाही. चहा पिऊन तुम्ही उठलात की हा गृहस्थ काहीतरी तुमच्या हातात कोंबायचा. चहाची गाळणी, मातीची कुंडी, गरम पाण्याची रबरी पिशवी, एकदा तर नुसती कपाटाची मूठ. आणि वर बजावायचा, "उसनं आहे. परत आणून द्यायचं."

मला गाळणी नको होती. आमच्या घरी दोन होत्या. पण सांगून उपयोग नसायचा.

आता हरिभाऊ म्हणजे कुणी आपल्याकडचे नव्हेत. इंग्लंडात लेस्टरला आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारे गोरे साहेब, नाव हॅरी. साठी उलटलेल्या माणसाला नुसतं हॅरी म्हणायला माझी जीभ वळेना. मी हॅरीभाऊ म्हणू लागलो आणि आठवड्यात त्याचे हरिभाऊ झाले. त्यांनी माझ्या धोंडीरामचा डॉन केला. महिनाभर मी ओ दिली नाही. शेवटी तेच दमले आणि मिस्टर राम म्हणू लागले. देवाचं नाव आहे म्हणून चालवून घेतलं.

मी चौथी नापास. मुंबईला गिरणीत फिटर होतो. मुलगा डॉक्टर झाला, इथल्या हॉस्पिटलात लागला, आणि ही गेल्यावर मलाही घेऊन आला. हरिभाऊही फिटरच. फिटरांची जात एक, मुलूख कुठलाही असो. माझं इंग्रजी गिरणीतल्या साहेबाकडून उचललेलं, म्हणजे नट, बोल्ट आणि डॅम फूल. तेवढ्यात आमचं भागायचं.

सूनबाई विचारायची, बाबा, हे घर आहे की भंगाराचं दुकान? मुलगा म्हणायचा, वय झालं की विसरतात माणसं. पण हरिभाऊ विसरत कुठे होते? वस्तू चार दिवस आमच्याकडे राहिली की कुंपणापाशी येऊन उभे. वस्तूचं नाव काढायचे नाहीत. हवा कशी आहे, उद्या कशी असेल, एवढंच. वस्तू नेऊन दिली की लॉटरी लागल्यासारखा चेहरा. ती बाजूला ठेवायचे आणि लगेच दुसरी माझ्या हातात. या माणसाला वस्तू हवी आहे की नको आहे, मला काही केल्या कळेना.

एक वस्तू मात्र ते कुणालाच देत नसत. तपकिरी लोकरीचा मफलर. भर जुलैत, बनियनवर बागेत बसले असले तरी तो गळ्यात असायचाच.

सुरुवातीला आमचं एकदा वाजलंही. दुपारचा चहा पिऊन उठताना मी आपल्या रिवाजानं म्हणालो, "आय कम." घरी आलो, भाकरी खाल्ली, झोपलो. दुसऱ्या दिवशी कळलं, हरिभाऊ पुन्हा किटली चढवून, दार सताड उघडं टाकून थंडीत बसून राहिले होते. येतो म्हणालास आणि आला नाहीस, असं म्हणून तोंड फिरवून बसले. मी सांगितलं, आमच्यात निघताना जातो म्हणत नाहीत. जातो तो मेलेला. जिवंत माणूस येतो म्हणतो आणि घरचा माणूस त्याला या म्हणतो. यात न कळण्यासारखं काय आहे?

हरिभाऊंनी तोंड माझ्याकडे वळवलं. मग म्हणाले, "आणि तो नाही आला तर?"

मी म्हटलं, तरी येतोच म्हणायचं. मग त्यांनी ते दोन शब्द माझ्याकडून घोकून घेतले. येटो. या. मला वाटलं, इंग्रजाला डोकं जरा कमीच.

नोव्हेंबरात इथली माणसं लढाईत गेलेल्यांच्या आठवणीला कोटाला लाल कागदी फुलं लावतात. तशात एका दुपारी त्यांनी मला एक फोटो दाखवला. भलंमोठं विमान आणि चाकापाशी सात पोरं, दात काढून हसणारी. हरिभाऊ लढाईत लिंकनशरच्या विमानतळावर इंजिनांचे फिटर होते. दिवसा त्यांनी इंजिनं ठाकठीक करून द्यायची, रात्री या पोरांनी विमान जर्मनीवर बॉम्ब टाकायला न्यायचं आणि उजाडेपर्यंत परत आणायचं. एका रात्री नेलं ते आणलं नाही.

कुठे पडलं, मी विचारलं. माहीत नाही. समुद्रात? माहीत नाही. मग सरकार काय म्हणालं?

"फेल्ड टु रिटर्न," हरिभाऊ म्हणाले.

बाकी इंग्रजी राहू द्या, फेल हा शब्द मला पक्का ठाऊक. माझं डोकं फिरलं. सात तरणीताठी पोरं मरायला पाठवता आणि वर त्यांनाच नापास करता? मी म्हटलं, "फेल तर फेल. मीपण चौथीत फेल. फेल झालेला पुढच्या वर्षी परत बसतो."

हरिभाऊ माझ्याकडे बघत राहिले. मग हसायला लागले. हसता हसता त्यांनी मफलरमध्ये तोंड खुपसलं आणि खांदे हलायचे थांबेचनात. हे हसणं आहे की दुसरं काही, मला कळेना. मी उठून किटली चढवली.

चहावर मग मफलरचं निघालं. बिली म्हणून त्यांतला सगळ्यात लहान पोरगा विमानाच्या शेपटात बंदुका धरून बसायचा. तिथे म्हणे पापण्या गोठायच्या. दर खेपेला तो हरिभाऊंचा मफलर उसना न्यायचा आणि सकाळी उतरल्याबरोबर त्यांच्या गळ्यात टाकायचा. त्या संध्याकाळी विमानात चढायच्या आधीच त्यानं तो परत केला. आईनं नवा विणून पाठवला होता.

"आणि मी तो घेतला," हरिभाऊ म्हणाले. "मिस्टर राम, मी घ्यायला नको होता."

मफलरनं कुठे विमान तरतं? पण दसऱ्याला यंत्राला हार घालणारा मीच, मी काय बोलणार? त्या दिवशी त्यांनी मला बटाटे सोलायचा चाकू दिला. तो मी दुसऱ्या दिवशी सकाळीच नेऊन दिला.

पुढच्या जूनमध्ये मुलाला लांब रीडिंग गावच्या हॉस्पिटलात वरची जागा मिळाली. सामान बांधलं. सूनबाईनं हरिभाऊंच्या होत्या नव्हत्या त्या सगळ्या वस्तू धुऊनपुसून टोपलीत भरल्या आणि म्हणाली, बाबा, एवढं देऊन या, कुणाचं काही राहायला नको.

मी टोपली घेऊन गेलो. हरिभाऊंनी आत बघितलं. गाळणी, कुंडी, पिशवी, मूठ. सगळं परत आलेलं. दुसरी वस्तू शोधायला वळले नाहीत. नुसते टोपलीकडे बघत उभे.

सूनबाई शिकलेली आहे, तिला कसं कळणार?

मी जन्मात कुणाकडे काही मागितलं नाही. गिरणी बंद पडली तेव्हाही नाही. पण त्या दिवशी म्हणालो, "हरिभाऊ, थंडी वाजतेय. मफलर द्या. उसना."

बाहेर कडक ऊन पडलं होतं. हरिभाऊंनी खिडकीतून ते बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. हळूहळू गळ्यातले वेढे सोडवले आणि मफलर माझ्या गळ्यात घातला. त्यांची मान कधी उघडी पाहिली नव्हती. कोंबडीसारखी बारीक निघाली.

"परत आणून द्यायचा," ते म्हणाले.

"येतो," मी म्हणालो.

फाटकापर्यंत पोचलो तेव्हा मागून आवाज आला. स्पष्ट, आपल्या माणसासारखा. "या."

मोटारीत मी घामानं भिजलो. सूनबाई म्हणाली, बाबा, काढा तो, पोस्टानं पाठवून देऊ त्यांना.

मी म्हटलं, पोस्टानं कसा? मी येतो म्हणून सांगून आलोय.