केल्ड्रिकसाठी प्रार्थना

"...आणि ज्युलियाच्या विनंतीवरून, केल्ड्रिकच्या आत्म्याला चिरशांती लाभो," फादर वेदीवरून म्हणाले, आणि ग्रेगरीचे जोडलेले हात सुटले. एवढ्या वर्षांच्या संसारात बायकोच्या तोंडून हे नाव त्याने कधी ऐकलं नव्हतं. शेजारी ज्युलिया मात्र चक्क डोळे पुसत होती.

त्याच संध्याकाळी मरोळच्या हॉलमध्ये त्यांच्या मुलाचा, ॲश्टनचा साखरपुडा होता. होणारी विहीण जेनेव्हिव्ह लेकीला, ॲन्ड्रियाला घेऊन चर्चच्या दारातच आडवी आली.

"घरात मयत झालंय नि आम्हांला पत्ता नाही? दुखवट्यात साखरपुडा करायचा?"

"कोण गं हा केल्ड्रिक?" ग्रेगरीनेही आवाज चढवला.

"सिरीयलमधला," ज्युलिया पुटपुटली. "जादूगार राजपुत्र. काल मेला ना रे तो."

ग्रेगरीने कपाळावर हात मारला. आता हसून विषय संपायला हवा होता की नाही? पण छे! जेनेव्हिव्ह लालबुंद झाली.

"सख्ख्या भावाला कड्यावरून ढकलणारा तो? त्या मेल्यासाठी चर्चमध्ये प्रार्थना?"

"मीपण शिव्याच घालायचे गं त्याला. पण शेवटी पोरांना आगीतून त्यानेच काढलं ना! त्यातच गेला बिचारा."

"म्हणून भाऊ परत आला? असल्याला बिचारा म्हणणाऱ्या घरात माझी ॲन्ड्रिया नाही यायची. हॉलवाल्याला फोन करा!"

ग्रेगरीच्या पायाखालची जमीनच सरकली. पाहुणे निघालेले, तळायच्या फुग्यांचं, त्या गोल पावांचं पीठ फुगून पातेल्याबाहेर आलेलं, आणि लग्न मोडणार कोणामुळे, तर टीव्हीतल्या राजपुत्रामुळे!

"आज नवीन भाग आलाय," ॲश्टन घाईघाईने म्हणाला. "तो बघून तरी ठरवा."

सगळे ग्रेगरीच्या घरी आले. दोघी सोफ्याच्या दोन टोकांना बसल्या. आणि भागात निघालं भलतंच. भाऊ म्हणे आईला विष घालणार होता, म्हणून केल्ड्रिकने त्याला ढकललं होतं. आणि ती आग? ती केल्ड्रिकनेच लावली होती, लोकांची वाहवा मिळवायला. वर तो मेलाही नव्हता!

"अरे देवा, आईसाठी केलं गं लेकराने!" जेनेव्हिव्हने रुमाल काढला. "चुकलं माझं, ज्युलिया. चल, साखरपुडा करून टाकू."

ज्युलिया ताडकन उठली. "पोरांना जाळायला निघाला होता नालायक! आणि मी त्याच्यासाठी गुडघे टेकले! असल्यासाठी रडणाऱ्या घरातली सून मला नको."

पडद्यावर पुढचा भाग आपोआप सुरू व्हायला लागला होता.

ॲन्ड्रियाने टीव्ही बंद केला, रिमोट पाठीमागे दडवला आणि ॲश्टनपुढे बोट धरलं.

"अंगठी काढ रे. आत्ताच घाल. यांनी पुढचा भाग बघायच्या आधी."