कप्तान वादळेंचा तुरा

"अहो, गिरणीत दळणाची रांग लागलीय आन तुमी पट्टी घेऊन काय बसलाय?" शिलाई मशीन थांबवून रत्नाबाईंनी विचारलं.

"काम चाललंय," आनंदराव म्हणाले. त्यांच्या एका डोळ्याला भिंग होतं.

विंझरला आनंदरावांची पिठाची गिरणी होती, पण त्यांचा जीव पत्र्याच्या पेटीत होता. पेटीत 'कप्तान वादळे' या जुन्या चित्रकथेचे एक्केचाळीस अंक होते, शाळेपासून जमवलेले. पुण्याच्या शेफालीताई अशा चित्रकथांचं प्रदर्शन भरवणार होत्या आणि रविवारी अंक बघायला येणार होत्या. निवडलेल्या अंकाखाली मालकाचं नाव छापून लागणार होतं. फोनवर त्यांनी एकच अट घातली होती, "काका, कडा कापलेले अंक नकोत. फाटलेली कड लपवायला लोक कापतात. कापलेला अंक इतरांवर ठेवला की मापात जुळत नाही, लगेच कळतं."

झालं! आनंदरावांच्या हाती विद्या आली. चार दिवसांत त्यांनी लग्नपत्रिका, रेशनकार्ड आणि वेल्ह्याहून आणलेला सातबारासुद्धा भिंगाखाली घातला. शेवटी शनिवारी अंकांची पाळी आली. चाळीस अंक एकावर एक ठेवले, तर कड अशी सरळ की वरून बोट फिरवावं. पहिला अंक मात्र तब्बल दोन सूत, म्हणजे पाव इंच लांब निघाला. कड वाकडी, पिवळी पडलेली, मुखपृष्ठ आतल्या पानांच्या बाहेर डोकावतंय. त्यात कप्तानाच्या टोपीला उभा तुरा, जो बाकी चाळिसांत एकाही टोपीला नव्हता.

"अहो, त्या कडा हायेत ना..." रत्नाबाईंनी तोंड उघडलं.

"तू मधी बोलू नको. ह्यातलं शास्त्र असतं."

शास्त्र सरळ होतं. चाळीस पंच एका बाजूला आणि एकटा दुसऱ्या बाजूला, म्हणजे खोटा तो एकटा. आता हा पहिला अंक आनंदराव सातवीत असताना त्यांच्या बालमित्राने, म्हादूने, वाचायला म्हणून नेला होता आणि बारा वर्षांनी, आनंदरावांचं लग्न झाल्यावर, परत केला होता. एवढ्या वेळात अंकच काय, डोंगरही बदलता आला असता.

म्हादू मेंढरं राखायचा आणि वरच्या वस्तीवर राहायचा. त्याच दुपारी तो दळण घेऊन उतरला.

"म्हादू, माझा पैला अंक कुठंय?"

"दिला की तुला. उशिरा दिला, पर दिला."

"दुसराच दिलास. माप जुळत न्हाई."

म्हादूने पट्टी बाजूला सारली. "मेंढरू कुणाचं हाय ते म्या नुसत्या कानावरनं सांगतो, आनंदा," तो म्हणाला. "मैतर वळखाया मला कवा पट्टी लागली न्हाई." त्याने न दळलेलं पोतं पुन्हा खांद्यावर घेतलं आणि तो तसाच चढ चढू लागला. पण हाती आलेली विद्या माणसाला गप्प बसू देत नाही. "पुरावा हाय माझ्याकडं!" आनंदराव मागून ओरडले.

रविवारी शेफालीताईंनी पेटी उघडली. चाळीस अंक त्यांनी पाच मिनिटांत बाजूला सारले.

"काका, हे सगळे कापलेत. इथे बघा, कात्रीचे चावे. सगळ्या टोप्यांचे तुरेही गेलेत." मग पहिला अंक हातात घेऊन त्यांनी त्याची कड उजेडात धरली. "हा अस्सल आहे. छापखान्यातून निघाला तसाच. असा मी दुसरा पाहिला नाही."

"चाळीस कापले? कुणी?" आनंदरावांचा आवाज फाटला.

"मी की," रत्नाबाई म्हणाल्या. "लग्नानंतरच्या पैल्या दिवाळीत. कडांच्या दशा सुटल्या व्हत्या. तुमी जीव लावता म्हून म्या खडूनं आखून नीट बेतल्या. कालधरनं तेच सांगतीया."

"आणि तुरे?"

"तुरा गेला तर काय झालं, डोकं ऱ्हायलं न्हवं? पैला अंक तवा म्हादूभावजींकडं व्हता, म्हून वाचला."

आनंदरावांनी तीस वर्षं ज्या सरळ कडांचा अभिमान धरला, त्या बायकोच्या हातच्या होत्या. रागवावं तरी कुठून सुरुवात करावी हे त्यांना कळेना, आणि खरं तर राग येतही नव्हता.

"मालकाचं नाव काय लिहू?" शेफालीताईंनी विचारलं.

आनंदरावांनी त्यांच्या हातून अंक घेतला. "म्हादू कोकरे," ते म्हणाले. "आन घटकाभर थांबा ताई, अंक म्हादूला दावून आत्ता परत आणतो."

ते अंक उराशी धरून धापा टाकत वस्तीवर पोचले, तेव्हा म्हादू मेंढरांना पाणी दाखवत होता.

"चुकलो, म्हादू. तुझाच खरा निघाला."

"पट्टी आनलीस का?"

"न्हाई."

"मग बस."

आनंदराव दगडावर टेकले. "पर बारा वर्सं ठिवलास कशाला रं? वाचाया तर येत न्हवतं तुला."

"तूच म्हनला व्हतास, वर येऊन वाचून दावतो. वाट बगत ऱ्हायलो. मग तुजं लगीन झालं, म्हनलं आता ह्यो काय येत न्हाई."

आनंदरावांनी अंक उघडला आणि खणखणीत आवाजात पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. कप्तान वादळे कड्यावरून लोंबकळला, दोर तुटायला आला आणि पान संपलं.

"पुढं?" म्हादू म्हणाला.

"पुढचं दुसऱ्या अंकात."

"मग उद्या त्यो आन," म्हादूने काठी उचलली. "तुरा नसला तरी चालंल."