वामनशेठचं नाव आणि बशीरभाई

बशीरभाईंना कुणी आपलं नाव सांगितलं, की ते माणसाकडे बघत नाहीत, मोबाइलकडे बघतात. नाव टाइप करतात, शेवटी डॉट कॉम लावतात आणि निकाल देतात. मी खोली बघायला गेलो तेव्हा माझंही तेच झालं. "मोकळं हाय," ते म्हणाले. "घाबरू नका, तुमच्या नावामागं कुणीबी लागल्यालं न्हाई."

मी नांदेडकडचा, आठवीतून शाळा सोडलेला. लोणावळ्याच्या एका हॉटेलात चादरी धुण्याच्या कामाला आहे. आलो तेव्हा तापाने फणफणलो होतो. त्या अवस्थेत, अनामत न घेता, भुशीच्या रस्त्यावरची आपल्या घरामागची खोली देणारे बशीरभाईच. म्हणून पुढचं तक्रार समजून वाचू नये.

भाई मूळचे आंदर मावळातले. तीस वर्षं त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या. मग फ्लेक्स आले आणि ब्रश वाळले. कुणीतरी त्यांच्या कानात घातलं, की वेबसाइटचं नाव जो आधी घेईल त्याचं; दुकानदाराला गरज पडली की विकायचं. भाईंना हे फारच पटलं. बाजारातली निम्मी नावं त्यांनीच रंगवलेली, म्हणजे ती त्यांचीच. "अक्षराला वळण कुणी दिलं? मग?" लॉज, बेकरी, बँडवाला, सगळ्यांची नावं त्यांनी घेऊन ठेवली.

सौदा मात्र फोनवर करायचा नाही. "घरी या, बसा." ओट्यावर बाकडं. पहिल्या चहाला भाव ऐकून माणूस उठायला लागे. दुसऱ्या चहाला गावाकडची ओळख निघे. तिसऱ्या कपापर्यंत भाव असा घसरे, की भाईंना साखरही महाग पडावी. बेकरीवाल्या मावशी भांडायला म्हणून आल्या आणि नावासोबत कढीपत्त्याचं रोप घेऊन गेल्या.

गेल्या वर्षी वामनशेठ मसालेवाल्यांनी ऑनलाइन माल विकायला काढला. त्यांचं नावही भाईंनी घेतलेलं. दोघं जुने दोस्त, पण धंदा वाढला तसं शेठचं ओट्यावर येणं बंद झालं होतं. भाईंनी मेसेज धाडला : "शेठ, तुमचं नाव माज्याकडं हाय. घेता, का समोरच्या मसालेवाल्याला देऊ?" खाली अंगठ्याचं चित्र.

शेठ आले नाहीत. नोटीस आली. पंधरा दिवसांत नाव परत करा, नाहीतर कोर्टात भेटू. मला वाटलं, आता घरावर जप्ती येणार आणि सुरुवात मागच्या खोलीपासून होणार. मीच भाईंना आमच्या हॉटेलचं काम बघणाऱ्या वकीलबाईंकडे घेऊन गेलो.

"भाई, नावं विकणं हा गुन्हा नाही," वकीलबाई म्हणाल्या. "साधे शब्द घ्या, विका. पण यांचं नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदलेलं आहे. ते अडवून ठेवायचं आणि वर त्यांनाच स्पर्धकाची भीती घालायची, याला कायद्यात वाईट हेतू म्हणतात. हेतू सिद्ध करायला एरवी घाम फुटतो. तुम्ही तो स्वतः लिहून दिलाय. अंगठ्यासकट."

"अवो, गंमत केली! आन् त्याच्या दुकानाला नाव हुतं कुटं? नुसतं मसाल्याचं दुकान म्हनायचा. नाव मीच सुचिवलं!"

"तसं काही लिहून घेतलं होतं?"

"लिवलं की. दोन फूट उंच, लाल रंगात."

बाई हसल्या, मग गंभीर झाल्या. "कायदा राहू द्या, भाई. त्यांच्या गिऱ्हाइकाला वाट सापडू नये म्हणून तुम्ही दारात उभे. हे बरं दिसतं का?"

एरवी प्रत्येक पाटी वाचणाऱ्या भाईंनी परतताना रस्ताभर एकही पाटी वाचली नाही. मी मनातून हादरलो.

चौदाव्या दिवशी म्हणाले, "देतो नाव. फुकट. पर वामननं सोता येऊन न्यावं." मी वकीलबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, हे सगळं ऑनलाइन होतं, कुणी कुणाकडे जायची गरज नाही.

नोटिशीपेक्षा भाईंना हेच जास्त लागलं.

मोबाइलवर त्यांनी स्वतःच्या हाताने नाव शेठच्या खात्यावर करून दिलं. मग माझ्यापुढे कोरा कागद सरकवला. "नोटिशीला उत्तर लिवा. तुमचं अक्षर बरं हाय." मी घाबरत बसलो. भाई सांगत गेले, मी लिहीत गेलो : "नाव परत केले आहे. तरी हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांच्या आत आपण चहाला हजर राहावे. अन्यथा..."

भाई थांबले. मी पेन धरून बसलो.

"अन्यथा काय लिहू?"

त्यांनी रिकाम्या बाकड्यावरची धूळ हाताने पुसली.

"अन्यथा मीच येतो म्हनून लिवा."