वर्नाच्या हातात बसेल असं

“मला घरात भीती वाटते,” वर्ना टटल म्हणाली, आणि हर्शेलने अर्धा खाल्लेला टोस्ट ताटलीत परत ठेवला.

वर्नाला स्वतःलाच आश्चर्य वाटलं. गेल्या वर्षभरात तिने या माणसाला चर्चच्या हॉलमधल्या नाचाला बोलावलं होतं (गुडघा), बोलिंगला बोलावलं होतं (कंबर), दोन दिवस तळ्याकाठी राहून येऊ म्हटलं होतं (डास). टोस्ट एकदाही थांबला नव्हता.

“कशाची भीती?”

पुढचं तिने ठरवलेलं नव्हतं. “शेजारच्यांची पक्ष्यांच्या दाण्याची पेटी चोरीला गेली.”

“ती त्या पट्टेरी शेपटीच्या रकूनने नेली. सगळ्यांना माहितीये.”

“आज रकून आला. उद्या कोण येईल, काय सांगावं?”

हर्शेलने खिडकीतून शेजाऱ्यांच्या मेपलच्या झाडाकडे पाहिलं. मग म्हणाला, “परवाना काढू. पिस्तूल अंगावर बाळगायचा. दोघांचेही काढू. आणि तुझ्या हातात बसेल असं एखादं घेऊ.”

घरात एक बंदूक होती, हर्शेलच्या वडिलांची, हरणांच्या शिकारीची. पण ती खांद्याला लावून बाई किराणा आणायला जाणार कशी? ‘दोघांचेही’ या शब्दावर वर्नाने जास्त लोणी लावून घेतलं.

टायरचा कारखाना बंद पडल्यापासून, म्हणजे चार वर्षं, हर्शेल तळघरात राहत होता असं म्हटलं तरी चालेल. तिथे त्याचं बिनतारी यंत्र होतं. त्यावरून तो न्यूझीलंडच्या एका निवृत्त मेंढपाळाशी रोज तासभर हवापाण्यावर बोलायचा. ऑकलंडला पाऊस आहे की ऊन, हे वर्नाला जमिनीच्या फळ्यांमधून कळायचं. ओहायोतल्या मिलर्स फोर्कमध्ये, त्याच घरात, वरच्या मजल्यावर हवा कशी आहे हे मात्र कोणी विचारत नव्हतं.

*

कायद्याने बारा तासांचं शिक्षण लागायचं. ते अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये दोन शनिवार मिळून व्हायचं. शिकवणारे एल्डन क्रुम. त्यांनी तीस वर्षं शाळेची बस चालवली होती, त्यामुळे फळ्याकडे तोंड असतानाही मागे कोण हललं हे त्यांना कळायचं.

घडीच्या खुर्च्या जवळजवळ मांडलेल्या होत्या. हर्शेलचा खांदा वर्नाच्या खांद्याला लागत होता. पेन्सिल एकच होती. कोणत्या परिस्थितीत गोळी झाडू नये याबद्दल क्रुम अडीच तास बोलले, आणि वर्नाला ते थोडकं वाटलं.

दुसऱ्या शनिवारी नेमबाजी. वर्नाने पिस्तूल चुकीचं धरलं. हर्शेल मागून आला, दोन्ही हात तिच्या हातांवरून पुढे आणले, अंगठा सरळ केला. “असा.”

तिने अंगठा पुन्हा वाकडा केला.

“अगं, असा.”

तिसऱ्यांदा वाकडा झाला तेव्हा क्रुम ओरडले, “टटलबाई, तुमचा अंगठा शिकायला आलाय का विसरायला?”

त्या गडबडीत ती एक गोष्ट खरोखरच विसरली: नेम चुकवायची. लहानपणी बापाच्या सोयाबीनच्या शेतातले बिळं करणारे प्राणी तिनेच मारलेले. दहाच्या दहा गोळ्या मधल्या वर्तुळात गेल्या. हर्शेलच्या सहा.

क्रुमनी चष्मा वर करून कागद पाहिला. “टटलसाहेब, भीती नक्की कोणाला वाटते?”

घरी जाताना गाडी हर्शेल चालवत होता. वळणावर एकदम म्हणाला, “सोयाबीनची गोष्ट तू मला कधी सांगितली नव्हतीस.”

“तू कधी विचारलं नव्हतंस.”

“हं,” तो म्हणाला, आणि रेडिओ बंद केला. लावला नाही, बंद केला.

*

परवाने आले. आता पिस्तूल निवडायचं. पिस्तूल निवडलं की शनिवार संपणार, हे वर्नाला पहिल्या दुकानाच्या पायरीवरच कळलं. तिने एक वही सुरू केली. हर्शेलला सांगितलं, तुलना करायला.

*शनिवार पहिला.* काळं, चौकोनी. नाकारलं: जड आहे. जेवण: मीटलोफ. हर्शेल बोलला: पावसाबद्दल.

*शनिवार तिसरा.* छोटं रिव्हॉल्व्हर, गुलाबी मूठ. दुकानदार हर्शेलकडे बघून म्हणाला, “बायकांना हेच आवडतं.” नाकारलं: गुलाबी आहे. जेवण: चिकन आणि नूडल्स. बोलला: त्याच्या आईला गुलाबी रंगाचा राग यायचा. एकोणचाळीस वर्षांत मला हे माहीत नव्हतं.

*शनिवार चौथा.* पर्समध्ये मावत नाही. (मोठी पर्स घरी ठेवून आले होते.)

*शनिवार सहावा.* वरचा भाग मागे ओढायला फार कडक. (ओढता येत होता.) जेवण: कॅटफिश. बोलला: कारखाना बंद झाल्यावर पहिला महिनाभर तो सकाळी डबा घेऊन निघायचा आणि धान्याच्या कोठारामागे गाडीत बसून राहायचा. साडेतीनपर्यंत. डबा तिथेच खायचा. मी डब्यात रोज चिठ्ठी टाकायचे, ती वाचायचा का, ते मी विचारलं नाही.

*शनिवार आठवा.* पिस्तुलाचं काही आठवत नाही. गोड: पीच पाय. बशी एक, काटे दोन.

*शनिवार नववा.* हर्शेलला सर्दी. गेलो नाही. तो तळघरात. ऑकलंडला ढगाळ.

*

बाराव्या शनिवारी घात झाला. दुकान हायवेवर होतं, गालिच्यांच्या दुकानाशेजारी. दुकानदार गस नावाचा लांब दाढीचा माणूस. त्याने गुलाबी काही काढलं नाही, वर्नाचे हात नुसते पाहिले आणि कपाटातून एक करडं पिस्तूल काढून तिच्यासमोर ठेवलं.

वर्नाने ते उचललं. ते जड नव्हतं. कडक नव्हतं. मूठ अशी बसली, जसा कोणी तरी ओळखीच्या माणसाने हात हातात घ्यावा. तिने दोष शोधला. उलटं करून शोधला. काचेखालच्या दिव्यापुढे धरून शोधला.

“बसलं!” हर्शेल म्हणाला. त्याचा चेहरा असा उजळला होता, की तिला रडूच आलं.

“डोळ्यांत पाणी आलं बघा बाईंच्या,” गस म्हणाला. “बारा वर्षं दुकान चालवतोय, असं कधी नाही झालं. अर्ज देऊ?”

“रंग जरा—” वर्ना म्हणाली.

“रंग झकास आहे,” हर्शेल म्हणाला. “द्या अर्ज. मी भरतो. आमच्या घरात कागद मीच भरतो.”

हे खरं होतं. कराचे, विम्याचे, मोटारीचे, चर्चच्या सहलीचेसुद्धा सगळे कागद हर्शेल भरायचा, आणि आयुष्यात त्याने कधी कुठे खोटी खूण केलेली नव्हती. त्यामुळे ‘हे शस्त्र तुम्ही स्वतःसाठी घेत आहात का?’ या प्रश्नाशी तो आला, बायकोकडे पाहिलं, आणि ठळकपणे ‘नाही’वर खूण केली.

गसने कागद उलटा फिरवून वाचला. दाढी खाजवली. मग करडं पिस्तूल हलकेच उचलून परत कपाटात ठेवलं.

“काय झालं?”

“साहेब, दुसऱ्यासाठी घेणाऱ्याला मी विकू शकत नाही.”

“दुसऱ्यासाठी कुठे? हिच्यासाठी!”

“तेच तर म्हणतोय.”

“मग ती भरेल अर्ज. वर्ना, भर गं.”

“आता नाही. कागदावर लिहून दिलंत, आज तर नाहीच.”

आणि वर्ना हसली. तिचा इलाजच नव्हता. फाशीच्या दोरावरून उतरवलेल्या माणसासारखी ती हसली, डोळे पुसत, गालिच्यांच्या दुकानात ऐकू जाईल इतकं. गसने नवऱ्याकडे पाहिलं, रडून हसणाऱ्या बायकोकडे पाहिलं आणि विचारलं, “बाई, तुम्ही इथे आपल्या मर्जीने आलात ना?”

“मी?” वर्ना म्हणाली. “मला कुठे पिस्तूल हवंय!”

हे बोलायला नको होतं.

*

दुकानदार एकमेकांना फोन करतात. तेराव्या शनिवारी पुढच्या दुकानात हर्शेलने नाव सांगितलं तेव्हा माणूस म्हणाला, “टटल? तुम्हाला मी फक्त टोप्या दाखवू शकतो.” चौदाव्या शनिवारी गल्ल्याशेजारी चिठ्ठी चिकटवलेली होती: *वयस्कर जोडपं. निळी ब्युइक. सगळं हाताळतात. काही घेत नाहीत. म्हातारा अर्ज भरू बघतो. म्हातारी घाबरलेली.*

“घाबरलेली!” वर्ना गाडीत म्हणाली.

“तूच म्हणालीस ना, भीती वाटते म्हणून,” हर्शेल म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. आयुष्यात त्याने वाचनालयाचं पुस्तक एक दिवस उशिरा दिलेलं नव्हतं, आणि आता त्याच्या मोटारीचा रंग चिठ्ठीवर होता. जेवायला थांबू का, असं तिने विचारलं. भूक नाही म्हणाला.

पंधराव्या शनिवारी तो तळघरात गेला. ऑकलंडला स्वच्छ ऊन होतं.

वर्नाने वर टेबलाशी बसून पीच पाय केला. बशी एक काढली. दुसरा काटा काढला, पुन्हा ठेवला.

*

गुरुवारी सकाळी शेरीफच्या कचेरीतली डेप्युटी जोलीन व्हिप आली. वर्नाने तिला रविवारच्या वर्गात बायबल शिकवलेलं, त्यामुळे तिने दारातच टोपी काढली. पण वही हातातच ठेवली.

“मिस वर्ना, मिस्टर टटल, बसा. तक्रार आलीये. परवाने आमच्या शेरीफसाहेबांच्या सहीने दिलेत, म्हणून मला यावंच लागलं. तेरा दुकानं. साठाच्या वर पिस्तुलं हाताळली. खरेदी शून्य. आणि एका ठिकाणी अर्जावर, दुसऱ्यासाठी घेतोय म्हणून लिहून दिलं.”

“बायकोसाठी,” हर्शेल म्हणाला.

“त्या म्हणतात त्यांना नकोय.” जोलीन वर्नाकडे वळली. आवाज खाली आणला. “मिस वर्ना, खरं सांगा. हे तुम्हाला बळजबरीने नेतात का?”

“बळजबरीने? अगं, मी त्याला नेते!”

“कशाला?”

वर्नाने साखरेचं भांडं सरळ केलं. ते सरळच होतं.

“मला समाधानकारक कारण लिहावं लागेल,” जोलीन म्हणाली. “नाही तर दोघांचेही परवाने जातील. आणि मिस्टर टटलना ऑफिसात यावं लागेल. प्रश्नोत्तरं होतील.”

हर्शेल हातांकडे बघत होता. ऑफिस, प्रश्नोत्तरं, निळी ब्युइक. वर्नाने त्याला असा खचलेला फक्त एकदा पाहिला असता, कोठारामागे, जर ती तिथे गेली असती तर.

“लिही,” ती म्हणाली. “मला भीतीबिती काही वाटत नाही. कधीच वाटली नाही. पेटी रकूनने नेली. मला नवऱ्याबरोबर शनिवारी बाहेर जायचं होतं. दुसऱ्या कशाला तो येत नव्हता. पिस्तूल घेतलं असतं तर संपलं असतं, म्हणून घेतलं नाही. ते करडं फार छान होतं. एवढंच.”

वर्ना नवऱ्याकडे बघत नव्हती. ती एका वाक्याची वाट बघत होती. कुठलंही चाललं असतं, पावसाबद्दलचंसुद्धा.

जोलीनने पेनाचं टोपण काढलं.

“ते लिहू नकोस,” हर्शेल म्हणाला.

“म्हणजे?”

“ती घाबरते. फार घाबरते. मी राहतो तिच्याबरोबर, मला माहितीये.”

“हर्शेल, मी आत्ताच सांगितलं की—”

“तू थांब गं. तुझं तुला कळत नाही.” कान पुन्हा लाल झाले होते, पण या वेळी मानेपर्यंत. “जोलीन, लिही. पिस्तूल अजून पसंत पडलेलं नाही. शोध चालू आहे. अर्जावरची खूण माझी चूक, पुढचा अर्ज ती भरेल. वेळ आली तर.”

जोलीनने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. “मिस्टर टटल, या जिल्ह्यातलं एकही दुकान आता तुम्हाला दारात उभं करणार नाही.”

“नदीपलीकडे?”

“नदीपलीकडे केंटकी लागतं. दुसरं राज्य. तिथल्या माणसाला ओहायोच्या माणसाला पिस्तूल हातोहात विकायला कायद्याने बंदी आहे. काही केलं तरी नाही विकणार.”

“काही केलं तरी नाही?”

“नाही.”

“पण बघायला देतात ना? हातात धरायला?”

“ते देतात,” जोलीन म्हणाली.

हर्शेलने थंड झालेली कॉफी एका घोटात संपवली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेला.

“वर्ना,” तो पाठमोराच म्हणाला, “पुलावर गर्दी असते. साडेआठला निघायला लागेल.”